तरुण व्हिंटेज पोर्ट किती आधी उघडावी? सल्ला हवा

द्राक्षवेल (पुणे):
पोर्तुगालमधल्या पोर्तोहून परतताना मी तिथल्या डोरो खोऱ्यातील व्हिंटेज पोर्टच्या (एकाच उत्तम वर्षाच्या द्राक्षांपासून केलेल्या गोड, कडक वाइनच्या) दोन बाटल्या आणल्या, एक २०१६ ची आणि दुसरी २०१७ ची. अशी पोर्ट वीस-तीस वर्षे ठेवावी असे सगळे सांगतात, परंतु माझ्याकडे तळघर नाही आणि एप्रिलमध्ये घरातले तापमान पस्तिशीला टेकते. पुढच्या शनिवारी चार मित्र येणार आहेत. बाटली किती तास आधी उघडावी, आणि दोन्हींपैकी कोणती?

मधुरस:
एकच उघडा, आणि ती २०१६ ची. दोन्ही वर्षे पोर्ट बनवणाऱ्या बहुतेक मोठ्या पेढ्यांनी व्हिंटेज म्हणून जाहीर केली, आणि लागोपाठ असे होणे दुर्मीळच. पण २०१७ चा हंगाम फार उष्ण व कोरडा गेला, तोडणी ऑगस्टमध्येच सुरू झाली आणि वाइन अधिक दाट, अधिक बंदिस्त (वास-चव लवकर न खुलणारी) उतरली.

हवेचे म्हणाल, तर मी २०१६ ची एक बाटली चार दिवस पुरवून प्यायलो, त्यावरून सांगतो. दुपारी बूच काढल्याबरोबर पेल्यात शाईसारखा रंग होता, कडेला जांभळी झाक, आणि वास जांभळाचा, पण त्याच्याही आधी नाकात शिरला तो मद्यार्क. दोन तासांनी मला वाटले की घाई करून मी बाटली वाया घालवली, कारण वास जवळजवळ मिटला होता आणि जिभेवर कच्च्या आवळ्यासारखा तुरटपणा तेवढा उरला होता. सहाव्या तासाला व्हायोलेट फुलांचा सुगंध वर आला. खरी मजा दुसऱ्या संध्याकाळी आली: मद्यार्क फळात मुरला होता, गोडी आणि तुरटपणा एकमेकांना धरून होते. तिसऱ्या दिवशी कडू चॉकलेटची चव आली. चौथ्या दिवशी फळ सैलावले होते.

याचे कारण घडणीत आहे. रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात सुमारे ७७ टक्के तीव्रतेचे द्राक्षमद्य घालतात (४३५ लिटरला ११५ लिटर, हे जुने प्रमाण), त्यामुळे साखर शिल्लक राहते. मग जेमतेम दोन-तीन वर्षे लाकडात ठेवून न गाळता बाटलीत भरतात. रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) इतके भरपूर असतात की थोड्याथोडक्या हवेने ते नमत नाहीत.

मांडवीकाठ (पणजी):
एक भर घालतो. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड तांबडी वाइन वेगळी आहे. तिच्या सवयीने पेला भरू नका, ही वीस टक्क्यांच्या आसपास असते. शिवाय ३० अंशांच्या खोलीत केवळ स्पिरिटच नाकाला झोंबेल. पेला भरताना वाइन १६ ते १८ अंशांवर असू द्या, त्यासाठी डिकँटर (वाइन ओतून तिला हवा देण्याचे काचेचे भांडे) अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तरी चालेल. २०१७ ची बाटली वाइनच्या फ्रिजमध्ये ठेवता येत नसेल, तर मात्र ती यंदाच प्या. वीस वर्षांचा हट्ट पुण्याच्या उन्हाळ्यात धरू नका.

द्राक्षवेल:
मनःपूर्वक आभार. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळीच डिकँटरमध्ये ओतावी काय? आणि गाळ?

मधुरस:
होय, शुक्रवारीच, आणि थोडी बाटलीतच राहू द्या. शनिवारी डिकँटरमधली आणि बाटलीतली शेजारी ठेवून पाहता येतील. इतक्या तरुण वाइनमध्ये गाळ नाममात्र असतो. बाटली गुरुवारपासून उभी ठेवली की पुरे.