ग्रीन कार्डची वाट पाहताना अमेरिकेत ड्रायव्हिंग लायसन्स : अनुभव आणि माहिती

लग्नानंतर अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्डचा अर्ज (आय-४८५) भरला, की कार्ड हातात येईपर्यंत बरेच महिने जातात. जिथे बस नाही, ट्रेन नाही, तिथे लायसन्सशिवाय दूध आणायलाही कुणाच्या तरी सवडीची वाट पाहावी लागते. हा धागा त्या मधल्या काळासाठी आहे. लिहिताना राज्याचं नाव, लागलेले कागद आणि कुठे, कशामुळे अडतं हे नेमकं लिहावं ही विनंती. स्वतःची कहाणी नको, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल ते हवं.

सुरुवात मी करते. सगळे घाबरतात परीक्षेला, पण काम अडतं त्याच्या आधी, काउंटरवर. डीएमव्हीचा (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या खात्याचा) क्लार्क तुमच्या फायलीतला गठ्ठा बघून निर्णय घेत नाही. तो तुमचा नंबर 'सेव्ह' नावाच्या प्रणालीत टाकतो आणि यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) नोंदींतून तुमचं वास्तव्य कायदेशीर असल्याचं उत्तर आलं तरच पुढे सरकतो. म्हणून 'माझ्याकडे कोणते कागद आहेत' याच्याआधी 'त्या संगणकाला माझ्याबद्दल काय दिसतं' याचा विचार करा.

लायसन्स देताना राज्यांनी काय तपासायचं हे ठरवणाऱ्या २००५ च्या रिअल आयडी कायद्यात कायदेशीर वास्तव्याचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत 'कायम वास्तव्यासाठीचा अर्ज प्रलंबित' हा प्रकार स्पष्टपणे आहे. म्हणजे तत्त्वतः तुम्ही पात्र आहात. अडचण कागदांच्या यादीची. आय-४८५ ची नुसती पावती (आय-७९७सी) काही राज्यांत चालते, बऱ्याच काउंटरवर मात्र ईएडी कार्डच (काम करण्याच्या परवानगीचं कार्ड) मागतात. त्यामुळे सरळ क्रम असा : ईएडी, मग एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर), मग डीएमव्ही. आय-७६५ हा ईएडीचा अर्ज आय-४८५ सोबतच भरा आणि त्यात 'मला सोशल सिक्युरिटी कार्ड हवं' या रकान्यावर न विसरता खूण करा. ती केली की कार्ड पोस्टाने घरी येतं. राहिली तर एसएस-५ फॉर्म घेऊन सोशल सिक्युरिटीच्या (एसएसए) ऑफिसात रांग लावावी लागते. एसएसएन मिळाल्या दिवशीच डीएमव्हीत जाऊ नका. नोंद दोन्हीकडे दिसायला दोन-तीन दिवस द्या.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

'सेव्ह'बद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फेऱ्या इथेच होतात.

ईएडी कार्डावर दोन वेगळे नंबर असतात. एक यूएससीआयएस नंबर, म्हणजेच ए-नंबर, नऊ अंकी. दुसरा कार्ड नंबर, तेरा अक्षरांचा : आधी तीन इंग्रजी अक्षरं, मग दहा अंक. सध्या बहुतेकांचा 'आयओई'ने सुरू होतो. त्यातला मधला 'ओ' अक्षर आहे, शून्य नव्हे. क्लार्क घाईत तिथे शून्य टाकतो, प्रणाली 'सापडत नाही' म्हणते आणि तुम्हाला 'तुमचं स्टेटस व्हेरिफाय होत नाही' असं सांगून परत पाठवलं जातं. काउंटरवर शांतपणे 'हे अक्षर आहे' असं सांगा आणि पुन्हा टाकायला लावा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत दोन्ही नंबर लिहून नेले तर काम आणखी सोपं.

पहिल्या झटक्यात उत्तर आलं नाही तर केस जास्तीच्या पडताळणीला जाते आणि त्याला दिवस लागतात. अशा वेळी सेव्हचा केस नंबर मागून घ्या. यूएससीआयएसच्या 'सेव्ह केसचेक' पानावर जन्मतारीख आणि तो नंबर (किंवा ए-नंबर) टाकून केस कुठे आहे ते घरबसल्या कळतं. उत्तर डीएमव्हीकडे गेल्याचं दिसलं तर त्या पानाची छापील प्रत घेऊन जा. नाहीतर काउंटरवरचा माणूस जुनीच स्क्रीन बघत बसतो.

परीक्षेचं : १८ वर्षांवरच्यांना लेखीत ३६ प्रश्न, ३० बरोबर हवेत. गाडीवरच्या परीक्षेत १५ पर्यंत साध्या चुका चालतात, गंभीर चूक एकही नाही. सुरुवातीला गाडी उभी असतानाच वायपर, डिफ्रॉस्टर, हॉर्न, धोक्याचे दिवे दाखवायला सांगतात आणि हाताच्या खुणा विचारतात : डावा हात सरळ बाहेर म्हणजे डावीकडे, कोपरातून वर म्हणजे उजवीकडे, खाली म्हणजे थांबतोय. परीक्षेसाठी मैत्रिणीची गाडी नेणार असाल तर आदल्या दिवशी तिची बटणं कुठे आहेत ते बघून ठेवा.

पत्त्याचा पुरावा जोडीदाराच्याच नावावर असला तरी चालतो, सोबत लग्नाचं प्रमाणपत्र लागतं.

एडिसन, न्यू जर्सी

नावाचा मुद्दा मराठी माणसांसाठी वेगळा लिहायला हवा.

आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळं. आय-४८५ मध्ये कुणी वडिलांचं नाव 'मिडल नेम'मध्ये टाकतं, कुणी टाकतच नाही, आणि एसएस-५ वर तिसरंच काही. मग डीएमव्हीत एसएसएन जुळत नाही. कोणती पद्धत निवडता याला फारसं महत्त्व नाही, पण एकच पद्धत आय-४८५, आय-७६५, एसएसएन आणि लायसन्स या चारही ठिकाणी वापरा.

लग्नानंतर आडनाव बदललं आणि मधल्या जागी नवऱ्याचं नाव आलं, तर गुंता वाढतो. पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) माहेरच्या नावाने, ईएडी सासरच्या. डीएमव्हीत दोन नावांना जोडणारा कागद म्हणजे लग्नाचं प्रमाणपत्र. अमेरिकेत लग्न झालं असेल तर काउंटी क्लार्कची शिक्क्याची प्रत. महाराष्ट्रात झालं असेल तर विवाह निबंधकांकडून मिळालेलं नोंदणी प्रमाणपत्र. कार्यालयाची लग्नपत्रिका किंवा भटजींचा दाखला कुठेही चालत नाही. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आहे, त्यांच्या व्हिसावर नाव आडनावाच्या जागी जातं आणि पुढच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन) येतं. तेच 'एफएनयू' लायसन्सवर छापलं जाऊ नये म्हणून नाव आय-४८५ भरतानाच नीट लिहून घ्या.

परीक्षा : ५० प्रश्न, ४० बरोबर. २१ वर्षांवरच्या नव्या चालकाला परमिटनंतर किमान तीन महिने लायसन्सधारकाच्या सोबतीने सराव करावा लागतो. रोड टेस्टला नेलेल्या गाडीत हँडब्रेक परीक्षकाच्या हाताला लागायला हवा. इलेक्ट्रॉनिक ब्रेक स्टिअरिंगच्या डावीकडे असलेली गाडी नेली तर परीक्षा सुरू व्हायच्या आधीच परत पाठवतात. म्हणून बरेच जण त्या दिवसापुरती ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेतात.

आणखी एक : १ मे २०२१ पासून इथे साधं, म्हणजे रिअल आयडी नसलेलं लायसन्स वास्तव्याचा प्रकार न पाहता मिळतं. न्यूयॉर्कमध्ये ते डिसेंबर २०१९ पासून आहे. ईएडी रखडलं असेल तर हा मार्ग बघा. ७ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानाला रिअल आयडी लागतो हे खरं, पण वैध भारतीय पासपोर्ट दाखवूनही विमानात बसता येतं. केवळ विमानासाठी लायसन्स अडवून ठेवू नका.

सगळ्यांसाठी, राज्य कोणतंही असो

कृपया हे वाचल्याशिवाय डीएमव्हीत जाऊ नका. १९९३ च्या मतदार नोंदणी कायद्यामुळे बहुतेक राज्यांत लायसन्सच्या अर्जातच 'मतदार म्हणून नोंदणी करायची का' आणि 'तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का' हे प्रश्न येतात. कधी फॉर्मवर, कधी टचस्क्रीनवर, कधी क्लार्क तोंडी विचारतो आणि 'हो' गृहीत धरून पुढे जातो. ग्रीन कार्ड मिळालेलं असलं तरी उत्तर 'नाही'च. नागरिकत्वाचा खोटा दावा हा इमिग्रेशन कायद्यातला सगळ्यात कडक विषय आहे. त्यातून सूट मिळण्याचे मार्ग जवळजवळ नाहीत आणि अमेरिकन जोडीदार असल्याने तो पुसला जात नाही. सही करण्याआधी प्रत्येक खूण बोट ठेवून वाचा. स्क्रीन असेल तर शेवटचं पान छापून मागा आणि जपून ठेवा. चुकून नोंदणी झालीच तर मतदान करू नका, ताबडतोब वकिलाला गाठा.

ऑस्टिनजवळ, टेक्सास

इथे १८ ते २४ वयाच्या नव्या चालकाला सहा तासांचा वर्ग सक्तीचा आहे. त्याशिवाय रोड टेस्टआधी 'इम्पॅक्ट टेक्सास ड्रायव्हर्स'चा एक तासाचा व्हिडिओ सगळ्यांना. त्याचं प्रमाणपत्र ९० दिवसच चालतं, म्हणून रोड टेस्टची तारीख मिळाल्यावरच तो बघा. लेखीत ३० प्रश्न, ७० टक्के. रोड टेस्टमध्ये पॅरलल पार्किंग असतं.

आता मुदत. अर्ज प्रलंबित असताना मिळालेल्या लायसन्सवर 'लिमिटेड टर्म' छापलेलं असतं आणि ते तुमच्या कागदासोबत संपतं. रिअल आयडी कायद्यातली तरतूद अशी की वास्तव्याला ठरावीक शेवट असेल तर तोपर्यंत, नसेल तर एक वर्ष. पूर्वी आय-४८५ वाल्यांना ईएडी पाच वर्षांपर्यंत मिळत असे. ५ डिसेंबर २०२५ पासून ती मर्यादा १८ महिन्यांवर आली. नूतनीकरणाचा अर्ज भरला की जुनं कार्ड आपोआप ५४० दिवस लांबत होतं, ती सोयही ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना बंद झाली. म्हणजे ईएडी संपलं की लायसन्सही संपलं, मधे उशी नाही. नूतनीकरण १८० दिवस आधीपासून भरता येतं. त्या तारखेची नोंद आजच कॅलेंडरवर करा.

के-१ वर (अमेरिकन नागरिकाशी लग्नासाठीच्या व्हिसावर) आलेल्यांसाठी छोटी भर

आय-९४ फक्त ९० दिवसांचं असतं आणि लग्न त्यातच व्हावं लागतं. एसएसएनचा अर्ज आल्या आल्या करा. शेवटचे दोन आठवडे उरले की एसएसए घेत नाही, मग थेट ईएडीपर्यंत थांबा.

भारतातून निघण्याआधी

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना (आयडीपी) इथे येण्याआधीच काढा. सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या स्वरूपातलं असेल तर ते सारथीवर दिसत नाही. त्यासाठी आधी आपल्या आरटीओत बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद संगणकावर चढवणं) करून घ्यावी लागते, यात आठवडा जाऊ शकतो. तिकीट काढल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही. आयडीपी म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर, मूळ कार्ड सोबत नसेल तर तो निरुपयोगी. आणि तो पाहुण्यांसाठी आहे. तुम्ही त्या राज्याचे रहिवासी झालात की घड्याळ सुरू होतं : कॅलिफोर्निया १० दिवस देतं, टेक्सास ९०.

सिअॅटलकडून, गाडी चालवण्याबद्दल

भारतात दहा वर्षं गाडी चालवलेले लोक इथे पहिल्यांदा नापास होतात, ते ठरावीक तीन-चार गोष्टींत.

इंडिकेटरची दांडी इथे स्टिअरिंगच्या डावीकडे असते. वळायच्या क्षणी उजवा हात सवयीने उठतो आणि कोरड्या काचेवर वायपर खर्रखर्र फिरतात. तेवढ्यात लक्ष जातं आणि पुढची चूक होते. घरासमोर उभ्या गाडीत बसून पन्नास वेळा डावा हात चालवा.

स्टॉप साइनला गाडी पूर्ण थांबली पाहिजे. चाक हलत असेल तर थांबलात असं धरत नाहीत. पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबा, गाडीचं पुढचं टोक किंचित खाली बसून परत वर येतं, तो धक्का जाणवला की मग डावी-उजवी बघा. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी थांबला तो आधी जातो. हॉर्न देऊन पुढे घुसायचं नाही.

लेन बदलताना आरसा पुरत नाही. मान वळवून खांद्यावरून मागे बघा आणि परीक्षकाला ते दिसेल असं बघा. डावं वळण घेताना जवळच्या लेनमध्येच शिरा. पिवळी रेषा तुमच्या डाव्या हाताला असायला हवी. ती उजवीकडे दिसली तर तुम्ही समोरून येणाऱ्यांच्या बाजूला आहात.

विना लायसन्स 'जवळच तर जायचंय' म्हणणाऱ्यांना

अनेक राज्यांत हा गुन्हा धरला जातो, साधा दंड नव्हे. आय-४८५ मध्ये अटक आणि गुन्ह्यांबद्दल प्रश्न आहेत. अटक न होता ५०० डॉलरच्या आतला वाहतूक दंड झाला आणि त्यात दारू-ड्रग्जचा संबंध नसेल, तर कागदपत्रं जोडावी लागत नाहीत. बाकी सगळ्याचा अंतिम कोर्ट आदेश जपून ठेवा. शिवाय मुलाखतीला दोघांच्या लायसन्सवर एकच पत्ता आणि गाडीच्या इन्शुरन्स पॉलिसीवर दोघांची नावं, हा एकत्र राहण्याचा चांगला पुरावा ठरतो. घर बदललं तर यूएससीआयएसला एआर-११ (पत्ता बदलाचा फॉर्म) दहा दिवसांत आणि डीएमव्हीलाही लगेच कळवा, नाहीतर हेच दोन पत्ते मुलाखतीत समोर येतात.

ग्रीन कार्ड आल्यावरही

मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, आणि बऱ्याच राज्यांत लायसन्सही तेवढंच. आय-७५१ (ही दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज) कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत भरायचा. त्याच्या पावतीवर ४८ महिन्यांची मुदतवाढ छापलेली असते. डीएमव्हीत संपलेलं कार्ड आणि हे पत्र दोन्ही एकत्र द्यावे लागतात. पत्राची मूळ प्रत न्या, फोटोकॉपी बहुतेक काउंटरवर परत करतात.