यवतेश्वरच्या उतारानंतर कॉम्प्रेशन बूट घ्यावेत का?

प्रश्न:
रविवारी सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावले. वय ४६, पहिलीच वेळ. यवतेश्वर घाट चढताना त्रास नव्हता, उतरताना मांड्या भरून आल्या. आज मंगळवार, कठडा धरून जिना उतरतेय. घराजवळच्या रिकव्हरी स्टुडिओत ३० मिनिटं कॉम्प्रेशन बूट, म्हणजे हवा भरून पाय दाबणारे बूट, लावतात. कुणाला फरक पडलाय का?

उत्तर १:
ताई, मी लांब पल्ल्यानंतर घेते. मांडीपर्यंत चेन लावायचे बूट असतात. हवा आधी पावलात भरते, मग पोटरीत, मग मांडीत, आणि सुटते. पहिल्यांदा दाब कमी ठेवायला सांगा. मुंग्या आल्या तर लगेच थांबवा. पाय खूप हलके वाटतात, त्या रात्री झोपही छान लागते. पण ताकद लवकर परत येते, असं मला तरी जाणवलं नाही. उतारावर स्नायू ताणले जातानाच जोर लावतात, ती झीज भरायला दिवसच लागतात.

उत्तर २:
मी फिजिओ आहे. हे तंत्र मूळचं हॉस्पिटलातलं, शस्त्रक्रियेनंतर पायात गुठळी होऊ नये म्हणून. पण गुठळी आधीच असेल तर तेच धोक्याचं! एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर स्टुडिओत नको, थेट डॉक्टरकडे जा.

प्रश्नकर्ती:
आत्ताच टेपने मोजल्या. दोन्ही पोटऱ्या ३४ सेंटीमीटर, सूज नाही. उद्या संध्याकाळी जाते, कमी दाबावर २० मिनिटंच. कसं वाटलं ते इथेच कळवते.