सरपंचांच्या मुलाला ग्रामपंचायतीचं काम: अपात्रतेचा अर्ज कुणाकडे?

गावकुसाबाहेर: सरपंचांच्या मुलाच्या फर्मला गटाराचं काम मिळालं, बिलही निघालं. बीडीओंकडे (गटविकास अधिकाऱ्यांकडे) तक्रार दिली, तर 'आमच्या अखत्यारीत नाही' म्हणतात. सरपंच अपात्र ठरू शकतात का? कागद कोणते जोडायचे?

टाचणवही: बीडीओंचं बरोबर आहे. अपात्रता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14(1)(ग) खाली येते, आणि निर्णय कलम 16 नुसार जिल्हाधिकारी देतात. अर्ज कुणीही करू शकतो. शक्यतो 60 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. तोवर सरपंच पदावर राहतात.

पण नुसतं नातं पुरत नाही, आणि बहुतेक अर्ज इथेच पडतात. कलमात 'स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध' असे शब्द आहेत. मुलाचा धंदा, पैसा, खातं सगळं वेगळं असेल तर सरपंचांचा हिस्सा तुम्हाला दाखवावा लागेल.

आधी 10 रुपये भरून माहिती अधिकारात ठराव, दरपत्रकं, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंद), प्रमाणक (व्हाउचर) आणि रोकडवहीचं पान साक्षांकित मागा. दरपत्रकावरचा जीएसटी क्रमांक नीट बघा. सुरुवातीचे आकडे धरून मोजलं तर त्यातलं सहावं अक्षर 'पी' असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'एच' म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब. 'एफ' निघालं आणि फर्म नोंदणीकृत असली, तर भागीदारी संस्थांच्या निबंधकांकडून उतारा काढा. त्यात सरपंचांचं नाव सापडलं तर निम्मं काम झालं. 'एच' असेल तर त्या कुटुंबात सरपंच आहेत का, हे तपासा.

मांडवीकाठ: गोव्याचा पंचायत कायदा वेगळा आहे, पण त्यातही अशीच तरतूद आहे. पंचायत सदस्याच्या पतीने पंचायतीचं कंत्राट घेतलं होतं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदस्य अपात्र ठरवल्या, कारण तिथल्या नागरी कायद्यात पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि पतीच्या नफ्यात पत्नीचा वाटा आपोआप येतो. महाराष्ट्रात तशी सामाईक मालमत्ता नाही. हा निकाल जोडायचाच तर हा फरक अर्जात स्वतःच लिहा, नाहीतर समोरचे वकील पहिल्याच तारखेला तो दाखवतील.

टाचणवही: अगदी खरं. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचा 2018 चा निकालही लोक इथे चिकटवतात. त्यात कुटुंबाचं अतिक्रमण सदस्याला भोवलं, पण ते कलम 14(1)(ज-3), शब्दच निराळे.

गावकुसाबाहेर: फर्म 'पी' निघाली. पण कामावरचा ट्रॅक्टर सरपंचांच्या नावावर आहे.

टाचणवही: मग तोच धागा धरा. आरसीची प्रत जोडा आणि ट्रॅक्टरचं भाडं बिलात लावलंय का ते मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींशी ताडून पाहा. बिलाची रक्कम सरपंचांच्या किंवा संयुक्त खात्यात वळली असा संशय असेल, तर बँकेचा उतारा माहिती अधिकारात मिळणार नाही. तो मागवून घ्यावा, अशी विनंती जिल्हाधिकाऱ्यांकडच्या अर्जातच करा. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला फक्त 15 दिवस असतात, तेव्हा आदेशाची नक्कल लगेच काढा.