पोलीस ठाण्यातून फोन आला, "जबाब द्यायला या, मोबाइल आणा". जावंच लागतं का?

मधुमालती:
सोसायटीच्या पार्किंगमधल्या मारामारीचा गुन्हा दाखल झालाय. काका (वय 63) गॅलरीत होते, त्यांनी मोबाइलवर शूटिंगही केलंय. हवालदारांचा फोन: "उद्या 11 ला या, मोबाइल आणा, नाहीतर उचलून आणावं लागेल." हातात कागद काहीच नाही. काय करावं?

पिंपळपान:
आधी विचारा, काका साक्षीदार की संशयित? सगळं त्यावर ठरतं.

साक्षीदाराला बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 160), आणि आदेश लेखी लागतो. 60 च्या वरचा किंवा 15 च्या आतला पुरुष, कुठल्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना राहत्या घराव्यतिरिक्त कुठेही हजर राहायला लावता येत नाही. जबाबासाठी पोलिसांनी घरी यायचं. काका आपखुशीने गेले तर मात्र चालतं, आणि मेख तिथेच आहे: फोनवरच्या दमदाटीने गेलेला माणूसही कागदावर 'आपखुशीने आला' होतो.

संशयित असतील तर नोटीस 35(3) ची (जुनं 41अ). ती चुकवू नका, गैरहजेरी हेच अटकेचं कारण होतं. हजर राहिलात तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलंय.

तिरका_डोळा:
वरचं बरोबर, पण "कायद्याने यायची गरज नाही" असं ऐकवून फोन ठेवू नका, उगाच चिडतात. ठाण्याच्या बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) चार ओळींचं पत्र द्या: गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), काकांचं वय, "कलम 179 प्रमाणे घरी जबाब द्यायला तयार आहे", दोन सोयीच्या वेळा, सोबत आधारची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. पत्र घेतलं नाही तर स्पीड पोस्टने पाठवा. मग 'सहकार्य केलं नाही' म्हणायला जागा उरत नाही.

मधुमालती:
आणि जबाबावर सही?

पिंपळपान:
नाही. कलम 181 नुसार तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. तरी खाली "माझा वरील जबाब मी वाचून पाहिला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे" हे वाक्य छापून कागद पुढे सरकवतात. फिर्यादीवर फिर्यादीची सही असते, पंचनाम्यावर पंचांची. कोऱ्या कागदावर कुणाचीच नाही.

सहीपेक्षा मजकूर सांभाळा. 'शिवीगाळ करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली' हे ठाण्यातलं तयार वाक्य आहे. काकांनी फक्त ढकलाढकली पाहिली असेल तर तेवढंच लिहायला लावा. जे ऐकलं त्यापुढे 'पाहिलं' नको. नाहीतर उलटतपासणीत हाच जबाब काकांपुढे धरला जातो. प्रश्नांची उत्तरं खरी द्यायची. ज्या उत्तराने स्वतःच गुन्ह्यात अडकू, ते न देण्याची मुभा आहे.

तिरका_डोळा:
मोबाइल तोंडी मागितला म्हणून देऊ नका. कलम 94 चा लेखी आदेश मागा. जप्तच केला तर पंचनाम्यात मेक, आयएमईआय (फोनचा स्वतःचा वेगळा नंबर; *#06# दाबा, दिसतो) आणि सिम नोंदवून घ्या. जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण कलम 105 ने सक्तीचं आहे. "ठेवून जा, उद्या न्या" हा प्रकार सर्वात वाईट: पोच नसते आणि मधल्या काळात फोन कुणाकडे होता ते सिद्ध होत नाही.

त्याआधी क्लिप पेनड्राइव्हवर देऊ करा, सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं प्रमाणपत्र. त्यात हॅश व्हॅल्यू (फाइलच्या मजकुरावरून निघणारा, तिच्या ठशासारखा कोड) लिहावी लागते. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका, ती कॉम्प्रेस होते आणि हॅश बदलते. मूळ फाइल कापू-छाटू नका, नाव बदलायच्याही फंदात पडू नका.

जप्त मोबाइल परत हवा असेल तर मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली मुद्देमाल परतीचा अर्ज. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा नंबर आहे.