मदत हवी आहे: जुन्या इंग्रजीतले चेहरे, पाणी आणि एक उशी

नमस्कार मंडळी,

गेले चार महिने शब्दार्थांची वही शेजारी घेऊन 'बेवुल्फ' हे वीरकाव्य वाचतेय, मूळ जुन्या इंग्रजीत. ही शेक्सपिअरची इंग्रजी नव्हे. १०६६ साली नॉर्मन इंग्लंडात उतरले त्याच्याही आधीची. हौस म्हणून शंभरेक ओळी मराठीत आणायला घेतल्या आणि चेहऱ्यापाशीच गाडी अडली.

'फेस' हा शब्दच तिथे नाही. तो पुढे फ्रेंचमधून आला, 'सरफेस' तर त्यानंतर काही शतकांनी. त्याआधी चेहऱ्याला 'अन्द्व्लिता' म्हणत (जर्मन 'आन्टलिट्झ' त्याचाच भाऊबंद) किंवा 'नेब'. नेब म्हणजे मुळात चोच. शिवी नाही हं, साधा रोजचा शब्द, आपण 'तोंड धुऊन ये' म्हणतो तेव्हा सगळा चेहराच धुवायचा असतो तसा. 'थोबाड' लिहिलं तर उगाच भांडण होतं, म्हणून तोंडच ठेवलंय. चोच गेली ती गेली.

पृष्ठभागाची गंमत वेगळीच. एल्फ्रिक नावाच्या साधूने इ.स. १००० च्या आसपास बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा अनुवाद केला. लॅटिनमध्ये अंधार अथांग पाण्याच्या 'चेहऱ्यावर' होता. याने तिथे 'ब्रादनिस' घातलं, म्हणजे रुंदी, पसारा. १६११ च्या इंग्रजी बायबलात पाण्याला पुन्हा चेहरा आला. आणि आपण काय म्हणतो? पृष्ठभाग. पृष्ठ म्हणजे पाठ! त्यांच्या तळ्याला तोंड, आपल्या तळ्याला पाठ. 'मुखपृष्ठ' या शब्दाकडे तर आता मला सरळ बघवत नाही.

असो. अडलेले शब्द सांगते.

'वन्न'. हाच आजचा 'वॅन', आजाऱ्याच्या फिकट चेहऱ्यासाठी वापरतात तो. पण बेवुल्फात रात्र वन्न आहे, ढगांपर्यंत उसळणारं पाणी वन्न आहे आणि डोमकावळाही वन्न. म्हणजे तेव्हा काळोखा, आता पांढुरका. मला वाटतं मुळात रंगापेक्षा उजेड मालवल्याची भावना असावी. 'काळवंडलेला' बरं बसतं: आभाळ काळवंडतं, चेहराही काळवंडतो. कावळा मात्र आणखी किती काळवंडणार?

'ब्रून'. आजचा ब्राउन. तिथे सुऱ्याची धार ब्रून, शिरस्त्राणही ब्रून. 'तपकिरी सुरा' लिहिलं तर वाचणाऱ्याला गंजलेला दिसेल. लखलखतं काहीतरी हवंय.

'फाह'. याने तर रडवलंय. सोन्याने सजलेला महाल फाह. लढाईनंतर रक्ताने माखलेलं तळ्याचं पाणीही फाह. ग्रेंडेल राक्षस रात्री महालात शिरतो तेव्हा ज्या जमिनीवर पाय ठेवतो तीही फाह. तिथे नक्षी, फरसबंदी की नुसती चमक, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. वर तसाच दिसणारा दुसरा फाह आहे, वैरी या अर्थाचा, आणि तो खुद्द ग्रेंडेललाच लावलाय: देवाचा वैरी. मी 'मढवलेला', 'माखलेला', 'डागाळलेला' असे तीन शब्द केले, पण मूळ कवीचा एकच शब्द सगळीकडे घुमतो ते हरवलं.

शेवटचा 'ह्लेओरबोल्स्टर'. ह्लेओर म्हणजे गाल, बोल्स्टर म्हणजे लोड. काव्याचा नायक बेवुल्फ झोपायला आडवा होतो तेव्हा ओळ अशी आहे की या गाल-लोडाने सरदाराचा चेहरा घेतला. माणूस उशीवर डोकं टेकत नाही, उशीच त्याला घेते. नुसतं 'उशी' लिहायला जीव होत नाही.

कुणाला काही सुचलं तर सांगा. संस्कृत शब्द शक्यतो नकोत, ते काव्य फार लवकर देवळात जाऊन बसतं.

प्रतिसाद १
ताई, ब्रूनला 'पाणीदार'! तलवारीला पाणी असतं, मोत्याला असतं, डोळ्यांनाही असतं. रंग कोणता हे कुणी विचारत नाही. डोमकावळ्याला सरळ 'काळाशार' करा आणि वन्न शब्द तेवढ्यापुरता सोडून द्या. प्रत्येक ठिकाणी एकच शब्द बसवायचा हट्ट धराल तर वर्ष जाईल.

प्रतिसाद २
उशीसाठी: गालमसुरी. आजोळी लोडतक्क्यांबरोबर दोन छोट्या, मऊ, गोल उशा असायच्या, कुशीवर झोपताना गालाखाली घ्यायच्या. आजी त्यांना गालमसुऱ्याच म्हणायची. आम्ही मुलं त्या फेकून मारायचो आणि धपाटे खायचो. फाहसाठी 'रंगलेला' चालेल का? रक्ताने रंगतं, नक्षीने रंगतं.

धागाकर्ती
गालमसुरी!! अहो, हा शब्द मी लहानपणी ऐकलाय आणि साफ विसरले होते. गालासकट आयता मिळाला. पाणीदारही घेतला, आज सकाळीच सुऱ्याची ओळ बदलली.

'रंगलेला' महालाला आणि तळ्याला छान लागतो. पण 'रंगलेल्या जमिनीवर राक्षसाने पाऊल टाकलं' म्हटलं की मला संक्रांतीच्या आधी रंगकाम काढलेलं घर दिसतं. आणि वैऱ्याचा अर्थ त्यात कुठून आणू? 'डागी' करून पाहिलं, तर राक्षसाऐवजी आंबा आठवला.

तर उशीची ओळ सध्या अशी: 'गालमसुरीने सरदाराचं तोंड आपल्यात घेतलं.' जमिनीचं अजून कुणाला सुचत असेल तर धागा उघडाच आहे.