तो क्षण आणि आपण: पॉप-रॉकच्या आठवणींचा अनुभव धागा

मंडळी, मी मूळचा वाईचा. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये क्वीन या ब्रिटिश रॉक बँडनं वीस-एकवीस मिनिटं गाजवली, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. मी सातवीत होतो. बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता आणि मी गाढ झोपलो होतो. इथिओपियातल्या दुष्काळासाठी आयरिश गायक बॉब गेल्डॉफनं ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमाचा एवढा मोठा घाट घातलाय, हे आमच्या आळीत कुणाच्या कानावरही आलं नव्हतं.

क्वीन पहिल्यांदा ऐकलं ते १९९१ च्या नोव्हेंबरात, सांगलीच्या हॉस्टेलवर, तेही त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी गेल्याची बातमी आल्यावर. रूममेटनं कॅसेट लावली आणि म्हणाला, “अरे, हा तुमच्या घाटावरच्या शाळेत शिकला की!” पाचगणीचं सेंट पीटर्स. नाव तेव्हा फरोख बलसारा. तिथल्याच मुलांनी ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता, हा पियानो वाजवायचा. वाईपासून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर. त्या रस्त्यानं मी शंभरदा गेलो असेन, आणि हे मला सांगलीत बसून कळत होतं! नाताळच्या सुट्टीत मुद्दाम एसटीनं पसरणी घाट चढून गेलो. शाळेला सुट्टी होती. फाटकाबाहेर नुसताच बराच वेळ उभा राहिलो.

पुढे काही वर्षांनी लाइव्ह एडचं चित्रण पाहायला मिळालं. फ्रेडी ‘ए-ओ’ असा आवाज टाकतो आणि सत्तरेक हजार माणसं तो जसाच्या तसा परत करतात. लहानपणी आम्ही पोरं एसटीच्या खिडकीतून घाटात आरोळी ठोकायचो आणि ती परत येईपर्यंत श्वास धरून बसायचो. तेच आठवलं. त्यानंही त्या घाटात कधी आरोळी दिली असेल का, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

तुमचाही असा एखादा क्षण सांगा. समोर उभे होतात, रेडिओला कान लावून होतात, की वीस वर्षांनी कळलं, काहीही चालेल. पण तेव्हा कुठे होतात आणि कानावर काय पडलं, ते नीट सांगा.

*

न्यू जर्सीहून लिहितोय. १९७० साली शिकायला न्यूयॉर्कला आलो. पुढच्या वर्षी १ ऑगस्टला, रविवारी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम झाले, त्यातल्या एकाला मी होतो. ते भरवणारा बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मला नावापुरताच ठाऊक. मी गेलो होतो रविशंकरांसाठी. शेजारी अली अकबर खाँसाहेबांची सरोद, तबल्यावर अल्लारखा. आईची पत्रं यायची, त्यांत सीमेवरून येणाऱ्या लोंढ्यांच्या बातम्या असायच्या. तो विषय मनात घेऊनच बसलो होतो.

वाद्यं जुळवायला त्यांना जेमतेम दीड मिनिट लागलं असेल. जुळवून थांबले आणि सगळं गार्डन टाळ्यांनी दणाणलं. पंडितजी अगदी सौम्यपणे म्हणाले, जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल, अशी आशा आहे. हा किस्सा पुढे गेली पन्नास वर्षं लोक अमेरिकनांना हसण्यासाठी सांगत आले. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं. त्या पोरांना आदर दाखवायचा होता, फक्त कुठे दाखवायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. सिगारेट ओढू नका अशी विनंती झाली, तर माझ्या रांगेतल्या सगळ्यांनी हातातल्या विझवल्या. वादन सुरू झाल्यावर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. आपल्याकडच्या मैफलीतही इतकी शांतता क्वचितच अनुभवली आहे.

नंतर बॉब डिलन आला. डेनिमचं जाकीट, गळ्यात अडकवलेला हार्मोनिका. मोटारसायकलच्या अपघातानंतर कितीतरी वर्षं तो फारसा मंचावर दिसलाच नव्हता, हे मला शेजारच्या मुलीनं रडत रडत सांगितलं. मला गाण्याचे शब्द निम्मेच कळले. पण एका परक्या देशातली माणसं आपल्या शेजारच्या दुःखासाठी जमली आहेत, हे मात्र पुरतं कळत होतं.

*

काका, वाचून अंगावर काटा आला. माझा क्षण गच्चीवरचा आहे. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरी. दिवाळी तोंडावर आलेली, आईची भाजणी भाजून झाली होती. आमच्या इमारतीपासून शहाजी राजे क्रीडा संकुल हाकेच्या अंतरावर, आणि तिथे मायकल जॅक्सन! तिकिटाचा विषय आमच्या घरात निघणंच शक्य नव्हतं. सगळी इमारत चटया घेऊन गच्चीत.

दिसलं काय, तर आभाळात फिरणारे झोत आणि धूर. स्टेज आडच होतं. आवाजही वाऱ्याबरोबर यायचा-जायचा. मी पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीला धरून उभी होते आणि बेसच्या दर ठोक्याला ती शिडी माझ्या तळव्यात थरथरत होती. तो यानातून बाहेर येऊन हालचाल न करता नुसता उभा राहिला, स्टेजवर रणगाडा आला, सैनिकाला एका लहान मुलानं फूल दिलं, हे सगळं दुसऱ्या दिवशी कॉलेजात मैत्रिणीकडून कळलं. विमानतळावर सोनाली बेंद्रेनं त्याला ओवाळलं, तो फोटो कापून मी वहीत ठेवला होता.

२६ जून २००९ ला सकाळी तो गेल्याची बातमी लोकलमध्ये कुणीतरी मोठ्यानं वाचली. डब्याच्या दारातली दांडी धरून उभी होते. रुळांवरची धडधड हातात आली आणि मला आधी ती शिडीच आठवली.

*

गिरगावातून. ताई, आमची गच्ची म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. आकाशाखालचं ते थिएटर. ‘द पोलीस’ नावाचा ब्रिटिश बँड १९८० च्या मार्चमध्ये तिथेच वाजवून गेला. मी तेव्हा फार लहान, माझा मोठा भाऊ जाऊन आला होता. माझ्या वाट्याला आलं ते पंधरा ऑगस्टच्या सुमाराचं इंडिपेंडन्स रॉक. भर पावसात, चपला हातात घेऊन. रॉक मशीन, नंतर पेंटाग्राम. आपल्याच गावची पोरं इतकं जोरदार वाजवू शकतात, हे तिथे कळलं आणि महिन्याभरात मी बेस गिटार घेतली. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथलं गाणं थांबलं. शेजारी रुग्णालयं आहेत, नियम चुकीचा असं मी म्हणणार नाही. पण त्या बंद फाटकावरून जाताना मी अजून पावलं हळू टाकतो.

*

म्हापशाहून. सगळे परदेशी सांगतायत म्हणून आमच्या शिवोलीचा रेमो फर्नांडिस सांगतो. १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ त्यानं घरातच रेकॉर्ड केली, गाणी त्याची, वाद्यं त्यानंच वाजवलेली, आणि स्कूटरवर कॅसेटी घेऊन दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. आमच्या घरी ती कॅसेट फिश करी जेवताना लागायची. आपल्या गावाच्या नावाचं रॉक असतं, हे मला आठव्या वर्षीच ठाऊक होतं. ही केवढी मोठी गोष्ट होती, ते पुण्याला शिकायला गेल्यावर समजलं.

*

कोल्हापूर. १७ मार्च २००७, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स, आयर्न मेडन. आम्ही सहा जण रात्रीच्या बसनं गेलो. बाराएक तासांचा प्रवास, सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, त्यातले दोन घरी रंगवलेले. धुळीत दुपारपासून रांग. एवढा मोठा हेवी मेटल बँड भारतात वाजवणार यावर मैदानात शिरेपर्यंत माझा विश्वास नव्हता. दिल्लीचा परिक्रमा आधी वाजवून गेला आणि त्यांनाही लोकांनी डोक्यावर घेतलं.

‘फिअर ऑफ द डार्क’ सुरू झालं तेव्हाचं सांगतो. त्यात शब्दांच्या आधी गिटारची एक धून आहे, ती प्रेक्षकांनी गायची असते. हे कुणी शिकवत नाही. मी ती कोल्हापुरात माझ्या खोलीत, दार लावून, हळू आवाजात वर्षानुवर्षं गात आलो होतो. आमच्या गल्लीत हे ऐकणारा मी एकटाच. आणि इथे तीच धून हजारो गळ्यांतून एकदम उठली. मला गाताच येईना, घसाच दाटून आला. शेजारी नागालँडहून आलेला एक मुलगा होता. त्यानं खांद्यावर हात टाकला आणि माझ्या वाटणीचंही तोच गायला.

बाहेर आलो तर एका दुकानातल्या टीव्हीपुढे ही गर्दी. वर्ल्ड कपमध्ये भारत बांगलादेशविरुद्ध १९१ मध्ये बाद. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर क्लीनरशी त्यावरच बोलत होता, पहाटेपर्यंत हरल्याचंही कळलं. एरवी आम्ही सहाही जण जेवलो नसतो. त्या दिवशी धारवाडला उतरून पोटभर इडल्या खाल्ल्या.

पुढच्या फेब्रुवारीत मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः विमान चालवत जगाच्या दौऱ्यावर निघाला आणि पहिला कार्यक्रम झाला मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथेही होतो. पण पहिलं ते पहिलं.

*

मी कल्याणची, वय ६६. नातीनं हा धागा वाचून दाखवला, म्हणून तिच्याकडूनच टाइप करून घेतेय. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमाला तिच्याबरोबर कोणी मोठं माणूस हवं म्हणून मी गेले. मी आयुष्यभर लताबाई आणि भीमसेनजी ऐकलेली बाई. दारातच हाताला एक पट्टा बांधला. अंधार झाल्यावर तो आपोआप लाल झाला, मग निळा, आणि वर बघते तर सगळं स्टेडियम तसंच. देवळातली दीपमाळ आपल्याच मनगटावर आलीय, असं वाटलं.

मग त्यांचा गायक, तो गोरा मुलगा, क्रिस मार्टिन, मराठीत दोन वाक्यं बोलला. अडखळत, पण नीट. आमच्या पुढच्या रांगेत बाहेरगावच्या मुली होत्या. त्यातली एक वळून मला विचारू लागली, “आंटी, क्या बोला?” एवढ्या वेळात पहिल्यांदाच तिथलं काहीतरी मला कळलं होतं आणि त्यांना नाही. मी सांगितलं. ती रांग ओलांडून माझ्या शेजारी येऊन बसली आणि पुढचा तासभर प्रत्येक इंग्रजी गाण्याचा अर्थ माझ्या कानात सांगत राहिली.