अग्निवीर प्रशिक्षणाला निघालेल्या मुलाजवळ फोन द्यावा का?

प्रश्न : खटाव तालुक्यातील एक पालक

नमस्कार. माझा धाकटा मुलगा अग्निवीर म्हणून निवडला गेला असून पुढील महिन्यात त्याला बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये हजर व्हायचे आहे. आमच्या भावकीत सैन्यात जाणारा तो पहिलाच, त्यामुळे हक्काने विचारावे असे घरात कोणी नाही. गावातील निवृत्त मंडळींना विचारले, तर आमच्या वेळी फोनच नव्हते, आम्ही काय सांगणार, असे ती म्हणतात.

प्रशिक्षणाच्या काळात फोन काढून घेतात, असे सगळेच सांगतात, पण किती दिवसांसाठी, रविवारी मिळतो की नाही आणि साधा बटणांचा फोन चालतो का, याबाबत प्रत्येकाचे सांगणे वेगळे. भरती झाल्याच्या आनंदात त्याच्या मामांनी त्याला पावले आणि नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ घेऊन दिले आहे, ते सोबत द्यावे का? बँकेच्या खात्याला त्याचाच क्रमांक जोडलेला असल्यामुळे फोन घरी ठेवला तर ओटीपी आमच्याकडे येणार आणि नेला तर तो जमा होणार, हाही पेच आहे. सर्वांत मोठी काळजी त्याच्या आजीची आहे. तिचे वय ८१ असून तिला हृदयविकार आहे, आणि नातवावर तिचा फार जीव आहे. काही बरेवाईट झाले तर त्याला कळवायचे कसे?

नियम वाकवून काही करण्याची माझी इच्छा नाही. नियम नेमका काय असतो आणि त्यात राहून घरच्यांनी काय तयारी करावी, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : माजी सुभेदार, कोल्हापूर जिल्हा

आपल्या मुलाचे मनापासून अभिनंदन. माझ्या २८ वर्षांच्या सेवेतील तीन वर्षे मी एका सेंटरमध्ये रंगरूटांचा, म्हणजे नव्याने भरती झालेल्या जवानांचा, उस्ताद (प्रशिक्षक) होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

फोनबाबतचा तपशील त्या त्या सेंटरचे अधिकारी ठरवतात, त्यामुळे गावोगाव ऐकायला मिळणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या असल्या तरी त्या खोट्या असतीलच असे नाही. साधारणपणे सुरुवातीचे काही आठवडे फोन अजिबात मिळत नाही आणि पुढे सुट्टीच्या दिवशी ठरावीक वेळेपुरता मिळतो. हजर होण्याच्या पत्रासोबत सामानाची यादी आणि सूचना येतात, त्यात जे लिहिले असेल तेच प्रमाण मानावे.

फोन काढून घेतात तो गुपिते फुटू नयेत म्हणून, अशी लोकांची समजूत असते. खरे तर पहिल्या महिन्यातील रंगरुटाजवळ फुटण्यासारखे गुपित फारसे नसते. पहिला प्रश्न झोपेचा असतो. पहाटे उजाडण्याआधी उठणे, पीटी, ड्रिल, हत्यारांचा वर्ग, दुपारनंतर पुन्हा मैदान, रात्रीची गिनती (हजेरी), आणि त्यानंतर उरलेल्या वेळात बूट पॉलिश करून गणवेश तयार ठेवायचा. एवढ्यातून जी झोप मिळते, तिच्यातला तासभर फोनने खाल्ला तर तो मुलगा दुसऱ्या दिवशी धावताना मागे पडतो किंवा हत्याराच्या वर्गात डुलक्या घेतो, आणि हातात रायफल असताना पेंगणारा मुलगा शेजारच्याच्याही जिवाला धोका असतो. रात्री बॅरेकमधून फेरी मारताना एखाद्या कांबळ्याखालून निळसर उजेड झिरपताना दिसे, आणि सकाळी सर्वांत आधी कोण कोसळणार हे मला तिथेच कळे.

दुसरे कारण मला त्याहून मोठे वाटते. वीस गावांची वीस पोरे एका बॅरेकमध्ये येतात. संध्याकाळी हातात फोन नसला की नाइलाजाने का होईना ती एकमेकांशी बोलू लागतात, शेजारच्याच्या पायाचे फोड बघतात, एकमेकांची पट्टी बांधतात. हातात फोन असला की प्रत्येक जण मनाने आपापल्या गावातच राहतो. घरच्यांचेही चुकते. म्हैस आटली, बांधावरून भावकीशी वाजले, असे सगळे रोजच्या रोज मुलाला कळवले जाते, आणि तो तिथून काही करू शकत नसल्याने नुसता कुढत बसतो.

सुरक्षेचा भाग म्हणजे पुढच्या आयुष्यासाठी लावायची सवय आहे. युक्रेनच्या युद्धात १ जानेवारी २०२३ रोजी माकीव्हका येथे नव्याने बोलावलेल्या रशियन सैनिकांच्या निवासावर क्षेपणास्त्रे पडली आणि रशियानेच ८९ सैनिक गेल्याचे मान्य केले. बंदी असताना सैनिकांनी फोन सर्रास वापरल्यामुळे जागा कळली, असे रशियाच्या संरक्षण मंत्रालयाचे म्हणणे होते. एवढी माणसे एकाच इमारतीत ठेवणाऱ्या वरिष्ठांनी सगळा दोष मेलेल्या पोरांवर ढकलला, अशी टीका रशियातूनच झाली आणि ती मला पटते, पण फोन जागा दाखवतो हे त्यामुळे खोटे ठरत नाही. आपल्याकडे हेरगिरीच्या प्रकरणात नौदलाचे कर्मचारी पकडले गेल्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन बंद केले, आणि जुलै २०२० मध्ये भूदलाने फेसबुक व इन्स्टाग्रामसह ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला. त्या आदेशाविरुद्ध एक अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते, परंतु त्यांची याचिका फेटाळली गेली. सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला दिलेला आहे, हे मुलाला आजच माहीत असावे.

तरीही आमचा पत्रांचा काळच चांगला होता, असे मी कधीही म्हणणार नाही. माझे वडील वारले तेव्हा मी स्वतः रंगरूट होतो आणि तार माझ्या हाती पाचव्या दिवशी पडली. म्हणून आजीबद्दलचा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलगा पोहोचल्यावर त्याची ट्रेनिंग कंपनी (सेंटरमधील तुकडी) कोणती आणि त्या कंपनी ऑफिसचा क्रमांक काय, हे पहिल्याच फोनमध्ये लिहून घ्या. निकडीचा निरोप त्या क्रमांकावर द्यायचा, आणि देताना मुलाचा नंबर (लष्करात मिळालेला क्रमांक), नाव, प्लाटून (कंपनीतील छोटी तुकडी) व कंपनी ही माहिती समोर ठेवायची. निरोप मोघम नसावा. "आजी सीरियस आहे" एवढेच सांगण्याऐवजी कोणत्या रुग्णालयात कधीपासून आहे हेही सांगितले, तर कंपनी कमांडरला निर्णय घेणे सोपे जाते.

उत्तर २ : एका अग्निवीराची आई, जुन्नर

सुभेदार साहेबांनी लिहिलेले सर्व मान्य करूनही एक बाजू मांडते.

माझा मुलगा प्रशिक्षणात असताना तो दर रविवारी दुपारी फोन करीत असे. मागे रांग उभी असल्यामुळे बोलणे चार-पाच मिनिटांचेच होई, पण तेवढ्यावर माझा आठवडा निघत असे. एके रविवारी फोन आला नाही, पुढच्या रविवारीही आला नाही. मधल्या दिवसांत माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. आमच्याजवळ कंपनीचा क्रमांक नव्हता, आणि इंटरनेटवरून शोधलेल्या क्रमांकावर कोणी फोन उचलत नव्हते. एकोणिसाव्या दिवशी मुलाचाच फोन आला. तो तापाने लष्करी रुग्णालयात होता, उपचार उत्तम झाले होते आणि आता बरा होता. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. एकोणीस दिवस घरी एका ओळीचाही निरोप आला नाही, ही मात्र माझी तक्रार आहे आणि ती आजही मनात आहे.

फोन नसणे आम्ही आनंदाने सोसतो, कारण तो कधी येणार हे ठाऊक असते. ठरलेला फोन चुकला आणि कारण कळले नाही, तर आईचे मन नको तिथे जाते. माझ्या मते प्रत्येक सेंटरने पहिल्याच आठवड्यात पालकांना एक पत्र धाडावे, त्यात फोनचा वार, वेळ आणि निकडीचा क्रमांक असावा, आणि मुलगा रुग्णालयात दाखल झाला तर त्याच दिवशी घरी कळवावे. काही ठिकाणी हे होत असेल, आमच्या वाट्याला आले नाही.

आपण एवढे जरूर करा, निघण्याआधी मुलाकडून घरचे दोन आणि शेजारचा एक क्रमांक पाठ करून घ्या. आमच्या मुलाला स्वतःच्या वडिलांचा क्रमांक तोंडपाठ नव्हता, कारण आजवर तो फोनमध्ये नुसता "पप्पा" म्हणून साठवलेला होता.

उत्तर ३ : कसम परेड (प्रशिक्षणाअखेरचा शपथविधी) झालेला अग्निवीर

काका, मी माझे सेंटर आणि युनिट लिहिणार नाही, त्याबद्दल गैरसमज नसावा.

आमचे प्रशिक्षण ३१ आठवड्यांचे होते, त्यांपैकी पहिले १० आठवडे मूलभूत प्रशिक्षणाचे. पहिल्या दिवशी फोन बंद करून पाकिटात घातला, पाकिटावर नाव आणि नंबर लिहून सही केली आणि तो कंपनी स्टोअरमध्ये जमा झाला. पहिले आठ-दहा दिवस खिशावर हात जात असे. ड्रिलच्या मैदानावर विश्रामाची आज्ञा मिळाली की उजवा हात आपोआप मांडीकडे सरकायचा आणि तिथे नुसते कापड लागायचे. पुढे ती सवय कधी गेली ते कळलेही नाही, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागू लागली.

लपवून फोन नेण्याचा विचार मुलाच्या मनात असेल, तर तो आजच काढून टाकायला सांगा. आमच्या बॅरेकमधील एकाने दुसरा फोन ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवला होता. फोन लपवता येतो, पण चार्जिंग लपवता येत नाही. तो पंख्याच्या बोर्डापाशी टॉवेलखाली फोन लावून झोपला आणि रात्रीच्या तपासणीत सापडला. फोन गेलाच, शिवाय आमच्या संपूर्ण सेक्शनला (छोट्या गटाला) रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, मिळाला. त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हते, आणि ती शिक्षा त्याला जास्त लागली असे मला वाटते. एकाच्या चुकीसाठी सर्वांना शिक्षा देणे मला त्या वेळी अन्यायाचे वाटले होते, आजही पूर्ण पटलेले नाही, पण तसे घडते हे मुलाला माहीत असू द्या.

मामांचे घड्याळ घरीच ठेवा. त्यात बहुधा जीपीएस असते आणि ते धावण्याचा मार्ग नोंदवून ठेवते. स्ट्रावा या ॲपने जगभरातील वापरकर्त्यांच्या धावण्याचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला होता, आणि त्यात दुर्गम भागांतील लष्करी तळांच्या वाटा उजळून दिसत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने दाखवून दिले. एकट्याच्या घड्याळाने काय होणार, असे प्रत्येकाला वाटले म्हणूनच तो नकाशा भरला. वेळ बघायला काट्यांचे साधे, पाण्यात चालणारे घड्याळ द्या. सोबत एक छोटी वही आणि दोन पेने द्या, कारण क्रमांक, पत्ते आणि दिवसभरातील सूचना सगळे तिच्यातच लिहावे लागते.

एक विनंती घरच्यांसाठी. मुलाने गणवेशातला फोटो पाठवला, तर तो सेंटरच्या नावासह स्टेटसला ठेवू नका. अनोळखी मुलीच्या नावाने येणाऱ्या मैत्रीच्या विनंत्या जवानाच्या भावाबहिणींनाही येतात, हे आम्हाला वर्गात मुद्दाम सांगितले होते.

उत्तर ४ : बँक कर्मचारी, कराड

ओटीपीच्या पेचापुरते लिहितो. अग्निवीराला पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपयांपैकी ९,००० सेवानिधीत (सेवा संपताना मिळणाऱ्या निधीत) जाऊन सुमारे २१,००० हाती येतात, आणि सेंटरमध्ये असताना खर्च थोडा असल्याने ही रक्कम खात्यात साचत राहते. तो निघण्याआधी शाखेत जाऊन एटीएम कार्ड चालू असल्याची आणि पिन त्याला पाठ असल्याची खात्री करा, आणि व्यवहाराची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्या. सिम घरी ठेवणार असाल, तर रिचार्ज चालू ठेवा, कारण प्रीपेड सिम सलग ९० दिवस वापराविना राहिले तर ते बंद होण्याची वेळ येते आणि मग खात्याला जोडलेला फोन क्रमांक बदलण्यासाठी मुलालाच शाखेत यावे लागू शकते. मुलाचे यूपीआय त्याच्या अनुपस्थितीत घरातील कोणीही वापरू नये, हे मी आग्रहाने सांगतो. घरखर्चासाठी त्याला घरी पैसे पाठवायचे असतील, तर दरमहा ठरावीक रक्कम आपल्या खात्यात आपोआप वळती होण्याची सूचना त्याने आधीच बँकेला देऊन ठेवावी.

मुलाशी संपर्क नसण्याचा फायदा भामटे घेतात. "तुमच्या मुलाला ट्रेनिंगमध्ये अपघात झाला आहे, ऑपरेशनसाठी लगेच पैसे पाठवा" असा फोन आला, तर एक पैसाही पाठवू नका. जवानावरील उपचारांचा खर्च लष्कर करते, त्यासाठी पालकांकडे पैसे मागितले जात नाहीत. असा फोन ठेवून कंपनीच्या क्रमांकावर खातरजमा करा, आणि पैसे गेलेच असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. घड्याळ परत द्यायचे ठरले आहे, मामांनाही ते पटले. काल रात्री जेवताना मुलाकडून तीन क्रमांक म्हणून घेतले, तेव्हा पाठ नसलेला एकमेव क्रमांक माझाच निघाला. त्याच्या आजीला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून तिला पत्र पाठवायचे आहे. रंगरुटाला पत्र मिळते का, आणि ते उघडून वाचले जाते का?

माजी सुभेदार, कोल्हापूर जिल्हा

मिळते, आणि फोनच्या काळात पत्र आलेल्या मुलाभोवती सगळी बॅरेक गोळा होते. पत्ता मुलाने कळवल्याप्रमाणेच लिहावा, म्हणजे आधी त्याचा नंबर, मग नाव, प्लाटून, कंपनी, सेंटर आणि शेवटी पिन कोड. यातली कंपनी चुकली तर पत्र सेंटरमध्येच फिरत राहते. पत्र तपासले जाऊ शकते असे धरून चालावे, म्हणून लिहिताना घरच्याच गोष्टी लिहाव्यात आणि त्याच्याकडूनही प्रशिक्षणाचा तपशील मागू नये. पाकिटात नोटा घालू नका. आजींना लिहिता येत नसेल, तर त्या सांगतील तसे घरातील कोणीतरी लिहावे, आणि शेवटी त्यांच्या हातचा अंगठा उमटवावा. पत्र पहिला आठवडा उलटल्यावर टाका, तोवर त्याची कंपनी ठरलेली असेल.